दुधासारखा रंग

"रंग किती पातळ करायचा?" प्लॅस्टिकची छोटी विमानं, रणगाडे, जहाजं जोडून ती एअरब्रशने रंगवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न विचारा. माणूस पुण्याचा असो, शिकागोचा असो की जपानातल्या शिझुओकाचा, उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: दुधाइतका. गाईचं की म्हशीचं, टोण्ड की फुल क्रीम, हे मात्र कुणी सांगत नाही :-)

बरीच वर्षं मला ही नुसती एक उपमा वाटायची. मग एका मोठ्या सुट्टीत या रंगांचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आलं की ही उपमा कुणी न ठरवताच अगदी अचूक बसली आहे. अ‍ॅक्रिलिक रंग जन्मतः दुधासारखाच असतो. त्याला दाट केलं माणसांनी, ब्रशच्या सोयीसाठी. आपण एअरब्रशसाठी तो पातळ करतो, म्हणजे खरं तर त्याला जन्माच्या रूपाकडे परत नेत असतो. ही परतीची वाट सरळ का नाही, हा आजच्या शनिवारचा विषय.

आधी थोडं ज्यांना या छंदाची माहिती नाही त्यांच्यासाठी. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी फवारणी. आत एक बारीक सुई, पुढे साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर तोंडाचं नोझल, मागून कॉम्प्रेसरची हवा. आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, ब्रश काय वाईट आहे? तर गणित करून बघा. १/७२ प्रमाणातल्या विमानावर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या विमानावर तो ७ मिलिमीटरचा होईल. पत्र्यावर गिलावाच तो! रेषा, रिव्हेट, पॅनेलचे सांधे सगळं त्याखाली गाडलं जातं. म्हणून थर पातळ हवा, आणि त्यासाठी रंग पातळ हवा.

यंत्र आधी आलं

गंमत अशी की हे यंत्र आपल्या रंगापेक्षा सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी मोठं आहे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अ‍ॅबनर पीलर नावाच्या माणसाने हवेने रंग उडवणारं एक उपकरण बनवलं. त्याला तो 'पेंट डिस्ट्रिब्यूटर' म्हणायचा. त्याचे हक्क घेऊन लिबर्टी वॉकप यांनी १८८३ साली इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावी एअरब्रशची कंपनी काढली. (रॉकफर्ड हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.) पुढे १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिकने सुई मधोमध ठेवून रंग आणि हवा तोंडापाशी आतल्या आत मिसळणारी रचना आणली. आज माझ्या टेबलावरचा एअरब्रश उघडला तरी आत मुळात तीच कल्पना दिसते. सव्वाशे वर्षांत इतका कमी बदललेला इंटरफेस आमच्या धंद्यात शोधून सापडायचा नाही.

त्या काळी हे यंत्र वापरायचे ते फोटो 'फिनिश' करणारे लोक. मोठ्या केलेल्या पुसट फोटोवर सावल्या चढवायच्या, चेहरा उठावदार करायचा. त्यांच्याकडे रंग होते जलरंग आणि शाई. दोन्हीत रंगद्रव्याचे कण अगदी बारीक आणि बाइंडर म्हणजे डिंक. हा डिंक सुकला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो. नोझलवर रंग वाळला, की ओल्या ब्रशने पुसा आणि पुढे चला. म्हणजे एअरब्रशची सगळी रचना एका गृहीतकावर उभी होती: आतला रंग बारीक असेल, आणि वाळला तरी परत पातळ होईल. अ‍ॅक्रिलिक रंगाने यातलं दुसरं गृहीतक पूर्ण मोडलं, आणि पहिलं बऱ्यापैकी.

रंग नंतर आला, आणि तोही भिंतीसाठी

अ‍ॅक्रिलिकची गोष्ट जर्मनीत सुरू होते. ऑटो र्‍होम या रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली आपला प्रबंध अ‍ॅक्रिलिक आम्लापासून होणाऱ्या बहुवारिकांवर लिहिला. १९०७ साली त्याने ऑटो हास या भागीदाराबरोबर कंपनी काढली, ती मात्र कातडी कमावण्याच्या रसायनांची. पोट भरायला कातडं आणि डोक्यात अ‍ॅक्रिलिक, असा मामला. १९३३ साली कंपनीने 'प्लेक्सिग्लास' हे नाव नोंदवलं. इंग्लंडात आयसीआयने त्याच जातीचं 'पर्स्पेक्स' आणलं आणि दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानाच्या कॉकपिटवरचं पारदर्शक छत त्याचंच होतं.

थोडं अवांतर: अशा छतांचे तुकडे उडून वैमानिकांच्या डोळ्यांत गेले, तेव्हा हॅरल्ड रिडली या डॉक्टरच्या लक्षात आलं की डोळा हा पदार्थ सहन करतो. त्यातून १९४९ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायची पहिली कृत्रिम भिंग आली. तुमच्या आजी-आजोबांच्या डोळ्यातली भिंगं बहुधा याच अ‍ॅक्रिलिक घराण्यातली असतील. असो.

पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग यायला मधे एक युद्ध आणि एक टंचाई जावी लागली. १९४२ साली आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले. अमेरिकेने घाईने कृत्रिम रबराचे कारखाने उभे केले. तिथे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण, म्हणजे लॅटेक्स, प्रचंड प्रमाणात बनवायचं तंत्र बसलं. युद्ध संपल्यावर या लॅटेक्सचं करायचं काय? १९४८ साली ग्लिडन कंपनीने त्यापासून घराच्या भिंतींचा रंग काढला. १९५३ साली र्‍होम अँड हासच्या फिलाडेल्फियातल्या कंपनीने 'र्‍होप्लेक्स एसी-३३' हे निव्वळ अ‍ॅक्रिलिकचं इमल्शन बाजारात आणलं. तेही घराच्या रंगासाठीच. १९५५ मधे सिनसिनाटीच्या हेन्री लेविसन यांनी असं इमल्शन वापरून चित्रकारांसाठी 'लिक्विटेक्स' काढलं.

आता मुद्द्याची गोष्ट. हे इमल्शन दिसतं कसं? पांढरं, पातळ, अपारदर्शक. थेट दूध. कारणही तेच. दुधात स्निग्धाचे आणि प्रथिनांचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, प्रकाश त्यांच्यावर विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. इथे स्निग्धाच्या जागी प्लॅस्टिकचे गोळे, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाहूनही लहान. पाणी उडून गेलं की हे गोळे एकमेकांना चिकटतात, दबतात आणि त्यांची सलग फिल्म होते. एकदा फिल्म झाली की पाण्यात विरघळणार नाही. म्हणून तर पावसात भिंत टिकते.

पण पातळ दूध ब्रशवर घेऊन चित्र कोण काढणार? तैलरंगाची सवय असलेल्या चित्रकारांना हातात 'अंग' असलेला रंग हवा होता. म्हणून उत्पादकांनी इमल्शनमधे थिकनर घातले, म्हणजे पाणी धरून ठेवून दाटपणा आणणारे पदार्थ. १९६० च्या दशकात लोण्यासारखे दाट अ‍ॅक्रिलिक रंग आले. आज आपण ट्यूबमधून किंवा बाटलीतून जो दाटपणा पिळून काढतो, तो रंगाचा स्वभाव नाही. ते वरून चढवलेलं फीचर आहे.

मॉडेलवाले सॉल्व्हंटमधेच होते

दरम्यान मॉडेलवाल्यांचं वेगळंच चाललं होतं. १९५० च्या दशकात एअरफिक्स, रेव्हेल या कंपन्यांची पॉलिस्टायरीनची किट घराघरांत पोचली. बाल्साच्या लाकडी विमानांवर चालणारे जहाल डोप-लॅकर पॉलिस्टायरीनला चक्क वितळवायचे, म्हणून सौम्य सॉल्व्हंटमधले इनॅमल रंग रूढ झाले. इंग्लंडात हलच्या हम्ब्रोलच्या इवल्याशा डब्या, अमेरिकेत टेस्टर्सच्या बाटल्या. टेस्टर्स ही १९२९ साली स्थापन झालेली कंपनी. गाव कुठलं? रॉकफर्ड, इलिनॉय! एअरब्रश आणि मॉडेलचा रंग, दोन्ही घराणी एकाच गावात, आणि योजना कुणाचीच नाही.

इनॅमल पातळ करणं सोपं. तो खऱ्या अर्थाने द्रावण आहे: राळ सॉल्व्हंटमधे विरघळलेली असते, अजून सॉल्व्हंट घाला, अजून पातळ होईल, साखरेच्या पाकात पाणी घातल्यासारखं. एअरब्रश मुकाट्याने चालतो. किंमत मोजायची ती फुफ्फुसांनी. त्या काळच्या मॉडेलच्या गोंदातही टोल्युइन असायचं. १९६० च्या दशकात अमेरिकेत मुलं गोंद हुंगायला लागली तेव्हा टेस्टर्सने १९६९ साली आपल्या गोंदात मोहरीचा झणझणीत अर्क घातला, जेणेकरून हुंगणाऱ्याच्या नाकात जाळ व्हावा.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा संबंध सॉल्व्हंटच्या वाफांशी जोडला गेला होता आणि १९६६ साली तिथल्या काउंटीने 'रूल ६६' करून रंगांतल्या सॉल्व्हंटवर बंधनं आणली. पुढे बंधनं वाढत गेली आणि सगळा रंगउद्योग पाण्याकडे सरकू लागला. मॉडेलचे रंगही हळूहळू तिकडे आले. जपानच्या तामियाने अल्कोहोलशी जमणारे अ‍ॅक्रिलिक काढले. स्पेनच्या वाय्येखो कंपनीने सुरुवातीला अ‍ॅनिमेशन फिल्मसाठी अ‍ॅक्रिलिक रंग बनवले होते, नंतर मॉडेलवाले तिचे ग्राहक झाले. दोन्हींवर 'अ‍ॅक्रिलिक' लिहिलेलं असलं तरी आतून ते सारखे नाहीत, हे पुढे महत्त्वाचं आहे.

आणि तिसरी धार म्हणजे क्राफ्टचे रंग. अमेरिकेत १९७०-८० च्या दशकांत लाकडी पाट्या, डबे, कुंड्या रंगवायचा छंद फोफावला आणि त्यासाठी दोन औंसांच्या, म्हणजे सुमारे ५९ मिलिलिटरच्या स्वस्त अ‍ॅक्रिलिक बाटल्या आल्या. आपल्याकडे ती जागा पिडिलाइटच्या फेविक्रिलने आणि कॅमलच्या अ‍ॅक्रिलिकने घेतली. (कॅमल म्हणजे १९३१ साली दांडेकरांनी मुंबईत शाईपासून सुरू केलेली कॅमलिन, २०११ पासून जपानच्या कोकुयोच्या ताब्यात.) आपल्यातल्या अर्ध्या लोकांच्या घरी शाळेच्या प्रोजेक्टमधून उरलेल्या या बाटल्या अजून असतील.

मग पातळ करताना नेमकं काय होतं?

आता तिन्ही धागे एकत्र आणू. हार्डवेअर १८९० चं, जलरंगासाठी बनवलेलं. रंग १९५३ च्या कुळातला, भिंतीसाठी बनवलेला आणि मग ब्रशसाठी दाट केलेला. मधे ड्रायव्हर कोण लिहिणार? तर हौशी मॉडेलवाला. थिनर म्हणजे हा ड्रायव्हर, आणि अडचणी सगळ्या इथेच येतात.

पहिली अडचण पाण्याची. नुसतं पाणी घातलं की रंग प्लॅस्टिकवर थेंब-थेंब होऊन गोळा होतो, अळूच्या पानावर व्हावा तसा. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग चाळिसाच्या आतबाहेर. द्रवाचा ताण पृष्ठभागापेक्षा जास्त असला की तो पसरत नाही. रंगात मुळात साबणासारखे पदार्थ असतात, पण पाणी घालून आपण त्यांनाही विरळ करतो. म्हणून फ्लो इम्प्रूव्हरचा एखादा थेंब लागतो. नुसत्या पाण्याने 'बाइंडर तुटतो' असं सर्रास म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. पाणी घातल्याने रंगद्रव्य आणि बाइंडर यांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. बदलतो तो पसरण्याचा गुण आणि थराची जाडी.

दुसरी अडचण स्पिरिटची. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पृष्ठताण एकवीस-बावीस, शिवाय ते पटकन उडतं. मग तेच का घालू नये? तामियात घाला, मस्त चालतं. क्राफ्टच्या बाटलीत सढळ हाताने घातलंत तर रंगाच्या गुठळ्या होऊ शकतात. हेही दुधाचंच नातं बघा. दूध संकलन केंद्रावर दुधाची एक चाचणी असते: दुधात तेवढंच अल्कोहोल घालून हलवायचं, फाटलं तर दूध परत. अल्कोहोल कणांभोवतीचं संरक्षण काढून घेतं आणि कण एकमेकांना बिलगतात. रंगातही साधारण तेच होतं. फरक इतकाच की फाटलेल्या दुधाचं पनीर होतं, फाटलेल्या रंगाचं एअरब्रश सर्व्हिसिंग होतं.

तिसरी अडचण सायीची. नोझलच्या टोकाशी वेगाने हवा जाते, पाणी उडतं, आणि सुईच्या अणीवर रंगाची साय धरते. ती पाण्यात परत विरघळत नाही, कारण ती आता प्लॅस्टिकची फिल्म आहे. जलरंगवाल्यांना हा त्रास नव्हता. उपाय म्हणजे रिटार्डर, ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलसारखा सावकाश उडणारा पदार्थ, अगदी थोडा. पुण्याच्या एप्रिलमधे मला दर पाच मिनिटांनी टोक पुसावं लागतं, मुंबईच्या जुलैत तेच मिश्रण निवांत चालतं आणि मॉडेल मात्र संध्याकाळपर्यंत चिकट राहतं. त्यामुळे इंग्रजी पुस्तकातलं प्रमाण जसंच्या तसं उचलून उपयोग नाही.

चौथी अडचण क्राफ्ट रंगाच्या स्वस्ताईतली. त्यात रंगद्रव्याबरोबर खडूसारखे भरीचे पदार्थ जास्त असतात आणि दळणं मॉडेलच्या रंगाइतकं बारीक नसतं. म्हणून गाळणं आलं. जुना नायलॉनचा मोजा उत्तम.

या सगळ्यातून हौशी लोकांनी काय काय शोधलं ते वाचून मला धन्य वाटतं. अमेरिकेत 'फ्यूचर' नावाचं फरशीचं पॉलिश मिळायचं, इंग्लंडात 'क्लिअर'. ते होतं पातळ अ‍ॅक्रिलिक इमल्शन. मॉडेलवाल्यांनी ते कॉकपिटच्या पारदर्शक छतावर चकाकी आणायला वापरलं, रंगावर कोट म्हणून वापरलं आणि रंग पातळ करायलाही वापरलं. बरोबरच होतं त्यांचं: ते घालताना तुम्ही पाण्याबरोबर बाइंडरही घालता, म्हणजे दुधात पाण्याऐवजी दूधच. काहींनी गाडीच्या काचा धुवायचं निळं पाणी वापरलं, त्यात अल्कोहोल आणि साबण दोन्ही आयते असतात. पण त्यातलं अल्कोहोल पुष्कळदा मिथेनॉल असतं, आणि ते बंद खोलीत फवारणं म्हणजे विषाची परीक्षा. हा जुगाड कृपया उचलू नका.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. एक भाग क्राफ्ट रंग, एक भाग अ‍ॅक्रिलिकचं तयार एअरब्रश मीडियम, मग डिस्टिल्ड पाणी थेंबाथेंबाने, शेवटी एक थेंब फ्लो इम्प्रूव्हर. गाळून घ्यायचं. कपाच्या कडेवर थेंब चढवून सोडायचा: तो मागे पातळ पापुद्रा ठेवत सावकाश उतरला पाहिजे. नोझल ०.४ किंवा ०.५, हवा २० ते २५ पीएसआय. खाली प्राइमर हवाच, कारण हे रंग लाकूड-कापडासाठी बनलेत, उघड्या प्लॅस्टिकला ते नीट धरत नाहीत. आणि आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर दोन फवारे, मग विमान.

'नॉन-टॉक्सिक' म्हणजे कुणासाठी?

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पाण्याचा रंग आला तो हवा स्वच्छ राहावी म्हणून. आपणही तो घरात आणतो कारण टू-बीएचकेत, शेजारच्या खोलीत मूल झोपलेलं असताना, इनॅमल आणि टर्पेंटाइन नको वाटतं. बाटलीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं. पण ते लिहिलंय ब्रश गृहीत धरून. ब्रशवरचं रंगद्रव्य कागदावर जातं. फवारलेलं रंगद्रव्य, बाइंडरसकट, हवेत तरंगतं आणि नाकात जातं. छातीत जाऊन तिथे फिल्म धरू शकणारी वस्तू आहे ती. चित्रकारांच्या कॅडमियम असलेल्या रंगांवर तर 'फवारू नये' अशी स्पष्ट सूचना छापलेली असते. ती बारीक अक्षरांत असते आणि आपण बारीक अक्षरं वाचत नाही, लायसन्स ॲग्रीमेंटवर 'आय अ‍ॅग्री' दाबायची सवय.

तेव्हा खिडकी उघडी, बाहेर हवा फेकणारा पंखा आणि तोंडावर एन-९५ मास्क, पाण्याचा रंग असला तरी. थिनरमधे अल्कोहोल असेल तर एन-९५ ने फक्त कण अडतात, वाफा नाही; त्याला सॉल्व्हंटच्या वाफांसाठीचं वेगळं कार्ट्रिज लागतं. घरात मूल असेल तर त्याला त्या खोलीतून बाहेर ठेवा, रंग वाळेपर्यंत.

बाजारात आज प्रत्येक ब्रँडचा स्वतःचा थिनर मिळतो, आणि पैसे असतील तर तो घ्यायला काहीच हरकत नाही. पण परदेशी मॉडेल कलरच्या १७ मिलिलिटरच्या बाटलीला जे मोजावं लागतं, त्यात क्राफ्टच्या कितीतरी बाटल्या येतात. कॉलेजातल्या पोराला हा छंद परवडायचा असेल तर वाट त्या स्वस्त बाटलीतूनच जाते. बाटलीत काय आहे, ते कशासाठी बनलं होतं आणि आपण त्याचं काय करतोय, एवढं कळलं की ती बाटली पुरते.

पुढच्या शनिवारी बहुधा प्राइमर. तोवर मोजा धुऊन ठेवा.